जुनी जुकी आणि १४० गणवेश : एप्रिल ते जून २०२५

येळ्ळूर, तालुका बेळगाव. सोळा वर्षं पायमशीनवर शिवते. यंदा जवळच्या एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. १४० जोड, मेअखेर द्यायचे. जाऊबाई बेतते, मी शिवते, असं करून पायमशीनवर दिवसाला तीन जोड निघतात. तेवढ्यात भागेना म्हणून वापरलेली कारखान्याची मशीन घेतली. आमच्या बचतगटातल्या दोघी अशीच मशीन घ्यायचं म्हणतात, त्यांच्यासाठी हे वहीत टिपून ठेवलं. खर्च आणि चुका जशा झाल्या तशा लिहिल्यात.

१२ एप्रिल, इचलकरंजी

कपड्यांचं एक युनिट बंद झालं होतं, तिथल्या मशीन विकायला काढल्या होत्या. त्यातली जुकी कंपनीची डीडीएल-८७०० घेतली. एका सुईची, टेबल-स्टँड आणि क्लच मोटर सकट. चौदा हजार सांगितले, ११,५०० ला ठरलं.

चाक हातानं फिरवून बघितलं, कुठं अडकत नव्हतं. सुईदांडा चिमटीत धरून हलवला, खुळखुळत नव्हता. मग तिथल्याच चिंधीवर टीप घालून बघितली आणि पैसे दिले. इथं चुकलं. चिंधी पातळ शर्टिंगची होती. मला शिवायचं होतं गणवेशाचं सूटिंग, तेही बेल्टाजवळ जिथं शिवणीवर शिवण येऊन सहा-आठ पदर होतात. आपलं कापड आणि आपला दोरा पिशवीत घालून न्यायला हवा होता.

टेम्पोत भरताना मशीनखालच्या ट्रेमधलं तेल डब्यात ओतून घेतलं, पण हेडमध्ये, म्हणजे टेबलावर बसतो त्या मशीनच्या मुख्य भागात, मुरलेलं तेल निथळू दिलं नाही. तसंच आडवं करून जुन्या गादीवर ठेवलं. निपाणीला चहाला थांबलो तोवर गादी काळी झाली होती आणि तेल टेम्पोच्या फळ्यांवर उतरलं होतं. टेम्पोचं भाडं २,२००, गादी गेली ती वेगळी. हेड आदल्या रात्री निथळत ठेवावं.

१३ एप्रिल

स्टँड जोडला. माजघरातली शहाबादी फरशी एका कोपऱ्यात खचलीय, तिथं मशीन डुगडुगायला लागली. जागा बदलून खिडकीखाली घेतली, उजेडही बरा. हेड एकट्यादुकट्यानं उचलू नये. भावोजी आणि शेजारचा मुलगा दोघं होते, तरी टेबलाच्या खाचेत बसवताना बोट चेंगरता चेंगरता वाचलं.

हेड ज्या चार रबरी कोपऱ्यांवर टेकतं त्यातले दोन नव्हतेच. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घडी करून घातले. मोटर सुरू केली तर सगळं टेबल थरथरायला लागलं, कात्री सरकत सरकत खाली पडली. दोन दिवसांनी खडेबाजारातून कोपरे आणले, चाळीस रुपये. थरथर थांबली. चाळीस रुपयांसाठी दोन दिवस ट्यूब कापत बसायला नको होतं.

१५ एप्रिल

आज तेलाचा ट्रे धुतला. तळाशी चिखलासारखा काळा थर, त्यात तूस, दोऱ्याचे तुकडे, आणि सुयांची मोडलेली तीन टोकं. रॉकेल नव्हतं म्हणून भावोजींनी थोडं पेट्रोल दिलं, अंगणात बसून ब्रशनं घासलं. पुसायला जुनी सुती साडी घेतली ती चूक, तिचेच तंतू ट्रेला चिकटले. नंतर दाट विणीच्या पॉपलिननं पुसलं.

तेल कोणतं घालायचं यावर घरात वाद झाला. भावोजी म्हणाले, "वहिनी, गाडीचं ऑईल हाय की घरात, तेच घाला. तेल ते तेल." ते घातलं नाही. ही मशीन पंपानं तेल वर ओढते आणि बारीक वाटांनी सगळीकडं पोचवते. तिला पाण्यासारखं पातळ, पांढरं शिलाई मशीनचंच तेल लागतं. जाड ऑईल त्या वाटांनी जात नाही. तीन लिटर आणलं, ५४० रुपये. ट्रेमध्ये वरची खूण आणि खालची खूण असते. वरच्या खुणेपर्यंत भरायचं, खालच्या खुणेला आलं की परत घालायचं.

तेल भरलं, कापड दाबणारा मशीनचा पाय वर उचलून, बॉबिन काढून मशीन रिकामी चालवली. हेडच्या माथ्यावर एक छोटी काचेची खिडकी आहे, मशीन चालताना तिच्यात तेल उडताना दिसलं पाहिजे. काहीच दिसेना. खासबागेतल्या एका मेस्त्रींचा नंबर गटातल्या बाईंनी दिला होता, त्यांना फोन लावला. ते कन्नड बोलणारे, माझं कन्नड बाजारापुरतं. मी मोटर, स्पीड, आवाज असं सगळं सांगत बसले. त्यांनी मधेच थांबवून एवढंच म्हटलं, "अक्का, मोदल एण्णि नोड्री." आधी तेल बघा. पंपाच्या तोंडाची जाळी बघा म्हणाले.

हेड मागं कलवून बघितलं तर जाळीवर तुसाचा थर नमद्यासारखा बसलेला. चिमट्यानं सोलून काढला, एक अख्खा तुकडाच निघाला. परत चालवली. आधी खिडकी धूसर झाली, मग तेलाचे थेंब काचेवर नाचायला लागले. युनिट बंद पडायच्या आधी ही मशीन किती दिवस कोरडी पळवली असेल कुणास ठाऊक.

१८ एप्रिल

पहिली टीप. पायमशीनच्या सवयीनं पाय ठेवला आणि कापड हातातून निसटून पुढं गेलं. क्लच मोटर सतत फिरतच असते, पेडल दाबलं की क्लच धरतो. हळू चालवायचं तर अर्धवट दाबून ठेवावं लागतं, आणि ते पायाला यायला दिवस लागतात. कॉलरच्या टोकाला वळताना दर वेळी दोन टाके पुढं जायचे.

मोटरवर २,८५० फेरे लिहिलेत. मोटरची पुली मोजली, १०० मिमी. मशीनची साधारण ७० मिमी. म्हणजे मिनिटाला चार हजारांवर टाके. मशीन ते सोसते, मी नाही. मोटरला ७० मिमीची पुली घातली की वेग २,८५० वर येईल असा हिशेब केला. पुली आणि तिच्या मापाचा आखूड पट्टा, दोन्ही मिळून २६०. वेग उतरला, पण सुरू होतानाचा हिसका तसाच राहिला. हिसका क्लचचा आहे, पुलीचा नाही. हे २६० रुपये वाया गेले.

सुयांची एक गंमत इथंच लिहिते, पुढं राहून जाईल. दुकानात "जुकीची सुई" एवढंच मागितलं, तर डीपी-५ दिली. तिचा दांडा २ मिमी जाड, या मशीनमध्ये बसतच नाही. इथं डीबी-१ लागते, दांडा १.६ मिमीच्या आसपास. मागताना जातही सांगायची आणि नंबरही: शर्टाला ११, सूटिंगला १४, जाड जागी १६.

२२ ते २५ एप्रिल

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला.

शर्ट नीट शिवले जात होते. पॅन्टच्या बेल्टाजवळ जाड जागी आलं की टाका उडायचा. तीन-चार टाके उडून लांब दोरा तसाच वर दिसायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, सगळे म्हणतात टायमिंग गेलं, म्हणजे सुई आणि खालून दोरा पकडणारं फिरतं हूक यांचा मेळ चुकला. २२ ला रात्री जेवण झाल्यावर हूकाचे स्क्रू सैल केले. सैल करण्याआधी हूक कुठं होतं त्याची खूण केली नाही. हूक हातात फिरलं, आणि त्यानंतर पातळ कापडावरसुद्धा एक टाका पडेना.

२३ आणि २४ हूक बसवण्यात गेले. सुईदांड्यावर चार बारीक रेघा असतात. दोन डीबी सुईसाठी, दोन डीए नावाच्या दुसऱ्या जातीसाठी. मी चुकीची जोडी धरून दोन दिवस जुळवत होते. पायमशीनवर एक जोडही झाला नाही, सगळे सहा जोड बुडाले. जाऊबाईनं बेतून ठेवलेल्या गठ्ठ्याकडं बघवत नव्हतं.

२५ ला मेस्त्री स्वतः आले. आधी खिडकीतलं तेल बघितलं, मान डोलावली. मग हूकाला हातही न लावता सुई काढली, घातली, परत काढली. बॅटरीचा उजेड सुईदांड्याच्या भोकात मारला आणि मला बघा म्हणाले. आत काळा, कडक झालेला गोळा होता, तेल आणि तूस मिळून वाळलेला. टाचणीनं टोकरून काढला, बाजरीच्या दाण्याएवढा असेल. त्या गोळ्यामुळं सुई भोकात वरपर्यंत जातच नव्हती, खालीच राहत होती. पातळ कापडावर निभावत होतं, जाड जागी टाका उडत होता. टायमिंग गेलंच नव्हतं. ते बिघडवलं मी.

मग त्यांनी हूक बसवलं, मी शेजारी बसून लिहून घेतलं. चाक हातानं फिरवून सुईदांडा अगदी खाली आणायचा. डीबीची पहिली रेघ खालच्या बुशाच्या, म्हणजे दांडा ज्या नळीतून खालीवर होतो तिच्या, कडेला आली पाहिजे. तिथून दांडा वर चढू द्यायचा, दुसरी रेघ कडेला आली की थांबायचं. त्या क्षणी हूकाचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर हवं. सुई आणि टोक यांच्यात फट ०.०४ ते ०.१ मिमी. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे कागदाइतकी किंवा त्याहून कमी. घासायला मात्र नको. मी मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं. सुईच्या मागच्या खोलगट भागात दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो, आणि हूकाचं टोक बरोबर त्या फुग्यातून आत शिरतं. इतके दिवस मशीन चालवून हे कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. मी चार-पाच वेळा चाक फिरवून तेच बघत बसले.

सुई बसवायची दिशाही त्यांनी परत सांगितली. लांब खाच डावीकडं, खोलगट भाग उजवीकडं, दोरा डावीकडून उजवीकडं.

मजुरी आणि येण्याजाण्याचे मिळून ६००. त्या दिवसापासून कुठलाही स्क्रू सैल करायच्या आधी नेलपॉलिशची रेघ मारते, दोन्ही भागांवरून एकच.

२९ एप्रिल

आज आमच्याकडची तिथीप्रमाणे वैशाखातली शिवजयंती. शिवायला कुणी बसलं नाही.

३ मे

वरचा दोरा तुटायला लागला, दर दोन-तीन वितींवर. या वेळी क्रमानं गेले. तेल आहे. सुई नवी, वरपर्यंत गेलेली. दोऱ्याचा कोन स्टँडच्या आकड्याच्या बरोबर खाली नव्हता, तो सरळ केला. थोडं कमी झालं, थांबलं नाही. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल केलं तर खाली दोऱ्याच्या गाठी दिसायला लागल्या, परत घट्ट केलं.

मग सुईच्या प्लेटच्या भोकावरून नख फिरवलं. एका बाजूला नख अडकलं. कधीतरी सुई आपटून कड उठलेली. बारीक पॉलिश पेपरची सुतळी करून भोकातून ओढून बघितलं, एक दिवस चाललं, परत तुटायला लागला. नवी प्लेट आणली, १५०. हूकाच्या टोकावरूनही नख फिरवून बघितलं, ते गुळगुळीत होतं.

प्लेट काढलीच आहे म्हणून तिच्याखालचे, कापड सरकवणारे दातेही साफ केले. दात्यांच्या ओळींमध्ये तूस इतकं दाबून बसलं होतं की दाते वर येऊनही कापडाला नीट धरत नव्हते. टाका मधेच बारीक होत होता तो त्यामुळं.

बॉबिन केसही बदलली, दहा बॉबिन घेतल्या, मिळून २००. खालच्या दोऱ्याचं टेन्शन बघायची मेस्त्रींची रीत: बॉबिन भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबती सोडायची. आपोआप सरसर खाली आली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. हाताला हलका झटका दिला की थोडी उतरून थांबली पाहिजे. आधी खालचं ठरवायचं, मग वरचं त्याला जुळवायचं. मी आजवर उलटं करत होते.

८ मे

सर्वो मोटर घेतली, पेडल दाबलं तरच फिरणारी, ५,४००, नवा पट्टा ७०. हात आखडता घेत होते, पण क्लचच्या हिसक्यानं कॉलर उसवण्यात रोज तास जात होता.

बसवायला दीड तास लागला. चालू केली, मोटर छान हळू फिरली, आणि टाका पडेना. पुन्हा हूक गेलं म्हणून पोटात गोळा आला. मग खिडकीकडं बघितलं तर तेल दिसत नव्हतं. सकाळपर्यंत तर दिसत होतं. तेव्हा चाकाकडं लक्ष गेलं, ते उलटं फिरत होतं. चाकाच्या बाजूला उभं राहून बघितलं तर ते घड्याळाच्या उलट दिशेनं फिरलं पाहिजे. उलट्या दिशेनं हूक दोरा पकडत नाही आणि पंप तेल ओढत नाही. मोटरच्या डब्यावर दिशा बदलायची सोय असते, ती शोधण्यात पाऊण तास गेला. दिशा बदलली, तेल आलं, टाका पडला. नवी मोटर लावली की सुई-दोरा घालायच्या आधी चाकाची दिशा बघायची.

वेगाची मर्यादा २,२०० वर ठेवली. आता पेडल हळूच दाबलं की एक-एक टाका पडतो. पेडल सोडलं की मोटर गप्प. क्लच मोटरची दिवसभरची घरघर थांबली आणि सासूबाईंना दुपारची झोप मिळायला लागली. जुनी मोटर एकानं ९०० ला नेली.

आजपर्यंतचा सगळा खर्च २१,१००, त्यात सुयांच्या दोन पाकिटांचे १४० धरलेत. मोटरचे ९०० वजा जाता २०,२००. पायमशीनवर आतापर्यंत ३१ जोड झालेत, १०९ बाकी.

१३ मे

पांढऱ्या शर्टांवर तेलाची रेघ. पाच शर्ट गेल्यावर लक्षात आलं, कारण रेघ आतल्या बाजूला होती. डोळ्यांत पाणीच आलं.

हूकाला तेल जास्त जात होतं. तपासायची रीत अशी: पाय उचलून, दोरा काढून मशीन तीन मिनिटं रिकामी चालवायची. मग हूकाखाली, न टेकवता, कागद धरून पाच सेकंद चालवायची. कागदावर उडालेल्या तेलाची बारीक फिकट रेघ दिसली पाहिजे. माझ्या कागदावर बोटभर रुंद ओला पट्टा आला. हूकाच्या दांड्याच्या पुढच्या बुशावर तेल कमीजास्त करायचा स्क्रू आहे, अधिक आणि वजा अशा खुणा असतात. नेलपॉलिश लावून वजाकडं थोडा थोडा फिरवला, दर वेळी नवा कागद. चौथ्या कागदावर रेघ बारीक झाली. पूर्ण बंद करू नये, हूक कोरडं पडलं तर जळतं.

चार शर्टांचे डाग निघाले. डागावर टाल्कम पावडर दाबून रात्रभर ठेवली, सकाळी झटकून भांड्याच्या साबणानं चोळले. पाचव्याचा डाग गेला नाही, तो नवा शिवला, कापडाचे २१० गेले. आता रोज सकाळी पहिली टीप पांढऱ्या चिंधीवर घालते.

१९ मे

दिवसाला पाच जोड होतात, एखाद्या दिवशी सहा. बेल्टाच्या जाड जागी वेगात गेलं की सुई तापते आणि पॉलिस्टरचा दोरा वितळून सुईच्या डोळ्यात चिकटतो. तिथं १६ नंबर सुई आणि अगदी हळू. एवढ्यानंच भागलं.

२७ मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस लागला. दोन दिवस वीज येत-जात होती. सर्वोचा डबा दर वेळी बटण बंद करून ठेवते, वीज येतानाच्या झटक्याची भीती वाटते. त्या वेळात जाऊबाई आणि मी काजं-बटणं केली.

आज १२८ जोड शाळेत पोचवले. १२ राहिले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, चार दिवसांनी चालतील, पण मी २८ आणि २९ ला उशिरापर्यंत बसून पुरे केले. हूकाशी गेलेले ते तीन दिवस हाताशी असते तर एवढे राहिले नसते.

१५ जून

पावसाळ्यात लोखंड ओलं धरतं. सुईदांड्यावर आणि प्लेटवर तांबूस ठिपके दिसले, तेलाच्या फडक्यानं पुसले, गेले. रात्री झाकायला आधी प्लास्टिक वापरत होते, आतून पाणी सुटायचं. आता सुती चादर.

ट्रेमधलं तेल पिवळट झालं होतं, बदललं. दोन महिन्यांत जाळीवर परत पातळ थर आला होता. रोज काम संपलं की प्लेटखालचं तूस ब्रशनं काढते, हूकाभोवतीचंही. फुंकर मारत नाही, तूस आत जातं. शनिवारी हेड मागं कलवून जाळी बघते. पट्टा मधोमध बोटानं दाबून बघते, दीडेक सेंटिमीटर आत गेला तर ठीक.

३० जून

सासूबाईंनी विचारलं, या मशीनवर वाकळ होईल का. पावसात सगळ्या घरांत वाकळीच निघतात. जुन्या लुगड्यांचे पाच पदर घालून बघितले, १६ नंबर सुईनं टीप नीट पडली. मग मध्ये फाटकं ब्लँकेट घातलं. गुडघ्यानं दांडी ढकलली की मशीनचा पाय साधारण १० मिमी उचलतो, त्याखाली ते कसंबसं गेलं. पण पाय खाली येऊन दाबताच वरचा पदर पुढं सरकायला लागला, चुण्या पडल्या. दोन सुया मोडल्या, तिसरी घातली नाही. ही मशीन मध्यम कापडाची आहे.

चुण्या पडलेली टीप उसवून दिली. सासूबाईंनी ती वाकळ दारात पसरलीय, हातानं धावदोरा घालताहेत.